ट्रिम व्हील फिरवणं सोपंय, त्याला हात लावू देणं अवघड

घरी फ्लाइट सिम्युलेटरसाठी (सिमसाठी) बोइंग ७३७ चं कॉकपिट बांधणाऱ्या बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो, आधी योक (विमानाचं स्टिअरिंग) आणि पेडल, मग एमसीपी (ऑटोपायलटची बटणं असलेलं पॅनल), मग थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाच्या लिव्हरची पेटी), आणि क्वाड्रंटच्या दोन्ही बाजूंना ती मोठी काळी चाकं, म्हणजे ट्रिम व्हील, तेवढी नुसती लावून ठेवायची, मोटर नंतर बघू. ते नंतर पुढे पुढे ढकललं जातं. ट्रिम म्हणजे योक सतत ओढून न धरता विमानाचं नाक हवं तिथे राहावं म्हणून केलेली जुळणी. मला मात्र मनापासून वाटतं की अख्ख्या कॉकपिटमध्ये स्वतःहून हलायला हवी अशी पहिली वस्तू कुठली असेल तर ती ट्रिम व्हील, ऑटोथ्रॉटलचे लिव्हरसुद्धा त्याच्या नंतर. कारण लिव्हर हलले नाहीत तरी इंजिनाचे आकडे समोर दिसतातच, पण ट्रिम कधी, किती आणि कुठल्या दिशेला गेलं हे स्क्रीनकडे न बघता कळायचा दुसरा मार्गच नाही.

खऱ्या ७३७ मध्ये शेपटीचा आडवा पंख, म्हणजे हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, अख्खाच्या अख्खा कलतो. तो कलवतो एक लांब जॅकस्क्रू, म्हणजे आटे असलेला दांडा. हा जॅकस्क्रू फिरवायचे मार्ग दोन, एक म्हणजे तिथेच मागे बसवलेली इलेक्ट्रिक मोटर, आणि दुसरा म्हणजे कॉकपिटमधल्या चाकांपासून थेट शेपटीपर्यंत गेलेल्या स्टीलच्या केबल. आणि गंमत अशी की हे दोन्ही कायम एकमेकांना जोडलेलेच असतात. त्यामुळे पायलटने योकवरचा अंगठ्याचा स्विच दाबला किंवा ऑटोपायलटने ट्रिम केलं की मागची मोटर जॅकस्क्रू फिरवते आणि जॅकस्क्रूबरोबर केबल ओढल्या जाऊन पुढची चाकं फिरतात. म्हणजे कॉकपिटमधल्या चाकाला स्वतःची मोटर नसतेच, ते फिरतं कारण मागे शेपटी खरंच हलतेय. काळ्या चाकावर जो पांढरा पट्टा असतो तो त्यासाठीच, डोळ्याच्या कोपऱ्यातून फिरणं दिसावं म्हणून, आणि आवाज तर असा असतो की इंजिनाच्या घरघरीतही चुकत नाही.

वेगही एकच नसतो. ७३७ एनजी (मॅक्सच्या आधीची पिढी) मध्ये अंगठ्याच्या स्विचने ट्रिम केलं तर फ्लॅप (पंखांमागची खाली येणारी पाती) खाली असताना साधारण ०.४ युनिट (युनिट म्हणजे चाकाच्या बाजूच्या ट्रिमच्या पट्टीवरचं माप) प्रति सेकंद आणि फ्लॅप वर असताना ०.२, ऑटोपायलट करत असेल तर फ्लॅप खाली ०.२७ आणि वर ०.०९. म्हणजे क्रूझमध्ये (उंचावर सरळ उडताना) ऑटोपायलट ट्रिम करतो तेव्हा चाक हळूच सरकतं आणि अप्रोचला (उतरायला येताना) तुम्ही स्वतः स्विच दाबता तेव्हा तेच चाक त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने खडखडतं. अनुभवी माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं की हे कोण करतंय. शिवाय स्पीड ट्रिम सिस्टिम म्हणून प्रकार आहे, टेकऑफनंतर दहा सेकंदांनी जागा होणारा, ऑटोपायलट बंद असताना आणि तुम्ही स्विच सोडून पाच सेकंद झाल्यावर तो स्वतःहून ट्रिम करतो, वेग वाढला की नाक वर आणि वेग कमी झाला की नाक खाली, म्हणजे विमानाला जुन्या वेगाकडे परत ढकलायला. घरच्या सिममध्ये चाक स्थिर असेल तर हे सगळं चालू असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच लागत नाही, फक्त योकवर कधी कधी विचित्र वाटतं आणि आपण समजतो की कॅलिब्रेशन बिघडलंय.

आणि २०१८ च्या ऑक्टोबरमधला लायन एअर ६१० चा अपघात, २०१९ च्या मार्चमधला इथिओपियन ३०२ चा अपघात, या दोन्हींमध्ये ७३७ मॅक्सची एमकॅस नावाची यंत्रणा एका चुकीच्या सेन्सरच्या आकड्यावर विसंबून नाक खाली ट्रिम करत राहिली, एका वेळी अडीच युनिटपर्यंत. त्यानंतर ट्रिम व्हील हा शब्द विमानाशी संबंध नसलेल्या लोकांनीही ऐकला. रनअवे स्टॅबिलायझरच्या, म्हणजे ट्रिम स्वतःहून पळतच सुटलं तर काय करायचं याच्या, पाठ करायच्या यादीत शेवटची पायरी काय आहे बघा, ट्रिमची वीज तोडणारे कटआउट स्विच टाकूनही चाक थांबलं नाही तर ते हाताने घट्ट धरून ठेवायचं. ही पायरी घरी सराव करायची असेल तर चाक फिरलं पाहिजे, आणि नुसतं फिरून उपयोग नाही, तुम्ही धरलं तर ते थांबलंही पाहिजे.

इथेच सगळा खेळ आहे. मोटर लावून चाक फिरवणं हे एका संध्याकाळचं काम. पण तेच चाक हाताने फिरवलं तर सिममधलं ट्रिम बदललं पाहिजे, मोटर चालू असताना धरलं तर मोटरने मान तुकवली पाहिजे, सोडलं तर पुन्हा नीट पकडलं पाहिजे, आणि या सगळ्यात कोण मालक आणि कोण नोकर हे दर क्षणी स्पष्ट असलं पाहिजे. घरगुती ट्रिम व्हीलचं निम्मं काम मोटरने चाकाला सोडून देणं हेच आहे, आणि मोटर निवडण्यापासून कोडच्या शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक निर्णय त्यावरच येऊन थांबतो.

मोटरपासून सुरू करू. सगळ्यात आधी लोकांच्या हाताशी येते ती गाडीच्या वायपरची मोटर, स्वस्त, ताकदवान, १२ व्होल्टवर चालणारी. पण तिच्या आत वर्म गिअर असतो. वर्म गिअरचा गुण असा की मोटर चाक फिरवू शकते पण चाक मोटरला फिरवू शकत नाही, मधल्या मध्ये कुलूप लागल्यासारखं होतं. वायपरसाठी ते बरोबरच आहे, वाऱ्याने वायपर ढकलला जाऊ नये म्हणून, पण ट्रिम व्हीलला हे चालत नाही. वायपर मोटर वापरायचीच असेल तर मध्ये क्लच पाहिजे, एकतर २४ व्होल्टचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच, जो वीज दिली की पकडतो आणि काढली की सोडतो, किंवा मग साधा घसरणारा क्लच, दोन चकत्यांमध्ये फेल्ट आणि वर स्प्रिंग, ठरावीक जोर पडला की घसरतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच उत्तम चालतो पण त्याचा खट्ट असा आवाज येतो, महागही असतो आणि क्वाड्रंटच्या आत जागा खातो. घसरणारा क्लच स्वस्त पण त्यात हाताने फिरवताना ते घर्षण कायम जाणवत राहतं.

दुसरा पर्याय स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटर. नेमा १७ किंवा नेमा २३ (हे तिचे ठरावीक आकार), एका फेऱ्याला २०० पावलं, मायक्रोस्टेपिंग लावलं तर अजून बारीक. स्टेपरचं आकर्षण असं की किती पावलं टाकली ते माहीत असतं, म्हणून सेन्सर लागणार नाही असं वाटतं. तो भ्रम आहे. हाताने चाक धरलं की स्टेपर पावलं चुकतो आणि ड्रायव्हरला (मोटर चालवणाऱ्या बोर्डाला) ते कळत नाही, तो आपला मोजतच राहतो. शिवाय स्टेपरचा जोर वेग वाढला की भराभर उतरतो, डबीवर लिहिलेला आकडा हा उभं असतानाचा असतो, मिनिटाला सहाशे फेऱ्यांना तो अगदीच थोडा उरतो, खासकरून १२ व्होल्टवर. वीज बंद केली तरी त्याचे चुंबक हाताला टकटक जाणवतात, आणि बेल्टने वेग कमी केलेला असेल तर ती टकटक चाकावर तेवढ्या पटीने वाढते. टीएमसी २२०९ सारखा शांत ड्रायव्हर लावून आवाज जवळपास नाहीसा करता येतो हे खरं, आणि एअरबससारखं सावकाश फिरणारं चाक करायचं असेल तर स्टेपर छानच आहे. ७३७ साठी मी तो घेणार नाही.

माझ्या क्वाड्रंटमध्ये आहे ती साधी ब्रश असलेली डीसी मोटर, कमी रिडक्शनची. कमी रिडक्शन, म्हणजे गिअर किंवा बेल्टने वेग कमी पटीने उतरवणं, हा यातला कळीचा शब्द. गिअरबॉक्स ५० पटीचा घेतला की बाहेरून फिरवताना आतली मोटर पन्नास पट वेगाने फिरवावी लागते आणि तिचं जडत्व हाताला वर्गाच्या हिशोबाने, म्हणजे अडीच हजार पट जाणवतं. सगळं मिळून तीन ते पाच पटीच्या आत ठेवलं तर वीज काढल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं आणि क्लचची गरजच राहत नाही. क्लच नाही म्हणजे बिघडायला एक वस्तू कमी, म्हणून मला हा रस्ता सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आता एवढ्या कमी रिडक्शनवर मोटर पुरेल का, तर हिशोब करून बघू. धरा की चाकाचा व्यास २४ सेंटीमीटर, वजन ७०० ग्रॅम, अशी दोन चाकं एकाच शाफ्टवर. भरीव चकतीचं जडत्व म्हणजे वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले दोन, म्हणजे एका चाकाचं साधारण ०.००५ आणि दोन्हींचं ०.०१ किलोग्रॅम मीटर वर्ग. मिनिटाला २०० फेरे म्हणजे सेकंदाला २१ रेडियन, आणि हा वेग ०.२ सेकंदात गाठायचा असेल तर लागतो साधारण १ न्यूटन मीटर जोर. बेल्टने तीन पट रिडक्शन असेल तर मोटरच्या वाट्याला येतो साधारण एक तृतीयांश न्यूटन मीटर, मिनिटाला ६०० फेऱ्यांना. म्हणजे वेग गाठतानाच्या शेवटच्या क्षणी वीसेक वॅट, आणि एकदा वेग पकडला की फक्त बेअरिंगचं घर्षण. चाळीस-पन्नास वॅटची मोटर आरामात पुरते. हा हिशोब मुद्दाम सविस्तर दिला कारण बरेच जण घाबरून दोनशे वॅटची मोटर घालतात आणि मग ती मोटर बोटं मोडू शकते. चाकाच्या मोटरमध्ये कमी ताकद हा गुण आहे, माणसाच्या हाताने धरली तर थांबेल एवढीच ताकद पाहिजे.

बेल्ट जीटी२ चा, ६ मिलिमीटर रुंद, मोटरवर २० दातांची पुली आणि शाफ्टवर ६० दातांची. थ्रीडी प्रिंटरवाल्यांकडे हे सगळं पडलेलं असतंच. जोराचे धक्के बसणार असतील तर ९ मिलिमीटरचा बेल्ट घ्या, दात उडत नाहीत. मोटर बसवायच्या भोकांना गोल न ठेवता लांबट खाचा ठेवा म्हणजे ताण कमीजास्त करता येतो, ताण जास्त झाला की बेअरिंग ओरडतं आणि कमी झाला की दिशा बदलताना चाक आधी किंचित झुलतं आणि मग निघतं, ते फार खोटं वाटतं. शाफ्ट एकच अखंड घ्या, दोन्ही चाकं त्यावर पक्की, मध्ये कपलिंग नको. आणि चाकातून बाहेर उघडणारं जे हँडल असतं ते एका बाजूला वजन टाकतं, त्याच्या बरोबर समोर आतल्या बाजूने तेवढंच वजन चिकटवा, नाहीतर वीज बंद असताना चाक आपोआप फिरून हँडल खाली येऊन थांबतं आणि सेन्सरला वाटतं की कुणीतरी ट्रिम करतंय.

सेन्सरवर सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून थोडा थांबतो. पहिली कल्पना डोक्यात येते ती दहा फेऱ्यांच्या पोटेन्शिओमीटरची (फिरवला की रोध बदलणारा सेन्सर). पण ७३७ चं चाक पूर्ण ट्रिममध्ये दहा फेऱ्यांत मावत नाही, कितीतरी जास्त फिरतं, मग परत गिअर लावून वेग कमी करा, त्यात बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) आला, आणि टोकाला पोटेन्शिओमीटरचा स्टॉप तुटला. हे सगळं करायचं कारण एकच, लोकांना चाकाची जागा पक्की माहीत हवी असते. पण चाकाला पक्की जागा असायची गरजच नाही! ट्रिम किती आहे हे सिमला माहीत आहे आणि ते दाखवायला चाकाच्या बाजूला वेगळी सुई आहे, तिला छोटा सर्वो लावला की काम झालं. चाकाने फक्त एवढंच सांगायचं की मी आत्ता इतकं अंश पुढे गेलो किंवा मागे गेलो. हे एकदा पटलं की अर्धी यंत्रणा गळून पडते. टोकाचे स्टॉप नकोत, होमिंग (सुरुवातीला शून्याची जागा शोधणं) नको, सिम चालू करताना चाक कुठे उभं आहे याला काही अर्थ नाही.

मग सेन्सर म्हणून शाफ्टच्या टोकाला एएस५६००, हा चुंबकीय सेन्सर आहे, शाफ्टवर व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला छोटा गोल चुंबक चिकटवायचा आणि समोर एक-दोन मिलिमीटरवर चिप, एका फेऱ्याचे ४०९६ भाग मिळतात, स्पर्श नाही म्हणून झीज नाही. कुठला चुंबक घेताय ते बघून घ्या, वरखाली उत्तर-दक्षिण असलेला साधा चुंबक इथे चालत नाही. फेरे कोडमध्ये मोजायचे, त्यासाठी अट एवढीच की दोन वाचनांमध्ये चाक अर्ध्या फेऱ्याहून जास्त जाऊ नये. सेकंदाला पाच फेरे धरले तरी अर्ध्या फेऱ्याला १०० मिलिसेकंद लागतात आणि आपण दर पाच मिलिसेकंदाला वाचतो, भरपूर झालं. त्याऐवजी ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर लावला तरी चालेल, चारही कडा मोजल्या की २४०० भाग, पण मग इंटरप्टच्या (बदल होताच कोडला लगेच कळवणाऱ्या) पिना लागतात, आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला त्या दोनच आहेत, २ आणि ३. सेन्सर मात्र चाकाच्या शाफ्टवर लावा, मोटरच्या नाही. हात चाकाला लागतो, त्यामुळे खरं काय ते चाकालाच विचारायचं.

ड्रायव्हर बीटीएस७९६०. एल२९८एन पुष्कळ जण वापरतात पण त्यात जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत, दोनेक व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जातात आणि बोर्ड तापतो. बीटीएस७९६० ची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्याच्या दोन एनेबल पिना. त्या दोन्ही खाली केल्या की मोटर पूर्ण मोकळी सुटते, चाक हाताने सहज फिरतं. आणि एनेबल चालू ठेवून दोन्ही बाजू खाली ओढल्या की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात आणि मोटर स्वतःच ब्रेक होते. म्हणजे एकाच बोर्डावर तीन अवस्था मिळतात, फिरव, थांबव, सोडून दे. खरं चाक स्विच सोडला की लगेच थांबतं, वाहवत जात नाही, म्हणून फिरवून झाल्यावर पाव सेकंद ब्रेक आणि मग सोडून दे, असा क्रम ठेवलाय. एवढ्या एका गोष्टीने चाक खेळण्यातलं वाटायचं बंद होतं.

पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून मोटरचा वेग ठरवण्याचा, आवाज. आर्डुइनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, दोन पिनांवर ९८०, आणि मोटर त्या सुरात किणकिणते, रात्रीच्या शांत क्रूझमध्ये डोकं उठतं. टायमर १ चा टॉप ४०० च्या आसपास लावून फेज करेक्ट मोडमध्ये २० किलोहर्ट्झ मिळतात, ते कानाला ऐकू येत नाही आणि बीटीएस७९६० ला २५ पर्यंत चालतं. त्याहून वर जाऊ नका.

वीज मोटरला वेगळी, यूएसबीमधून कधीच नाही, यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपियरचा असतो. वेगळा सप्लाय घेतला तरी ग्राउंड एकमेकांना जोडायचा. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, सप्लायवर ड्रायव्हरजवळ १००० मायक्रोफॅरडचा मोठा, आणि मोटरच्या तारा पीळ घालून सेन्सरच्या तारांपासून लांब. ट्रिम केलं की यूएसबी डिस्कनेक्टचा आवाज येतो अशी तक्रार जिथे जिथे दिसते तिथे यातलं काहीतरी राहिलेलं असतं.

आता कोड, आणि इथे परत तोच सोडून देण्याचा प्रश्न. सिमकडून ट्रिमची किंमत घ्यायची, मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सिमकनेक्टने, एक्स-प्लेनमध्ये एलेव्हेटर ट्रिमच्या डेटारेफने (त्या सिममधल्या व्हेरिएबलने), तिथे ती उणे एक ते एक असते. ती बदलली की चाक फिरवायचं. उलट चाक हाताने फिरलं की ती किंमत सिमला पाठवायची. वाचायला सोपं आहे, पण या दोन ओळी एकत्र चालू केल्या की चाक थरथरायला लागतं, कारण हाताने चाक फिरलं, किंमत सिमला गेली, सिमने तीच किंमत थोड्या उशिराने परत पाठवली, कोडला वाटलं ऑटोपायलटने ट्रिम केलं, मोटरने चाक फिरवलं, सेन्सरला वाटलं हाताने फिरवलं, आणि हे चक्र थांबत नाही.

यावर फिल्टर आणि डेडबँडच्या (लहान बदल दुर्लक्षायच्या) मलमपट्ट्या करून भागत नाही, अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात. माझ्या कोडमध्ये कुठल्याही क्षणी चाक एकाच्याच ताब्यात असतं. मोटर बंद आहे, ड्रायव्हर मोकळा आहे आणि सेन्सर दोन अंशांहून जास्त हलला, तर ताबा माणसाचा. त्या वेळात सिमकडून येणारी किंमत चाकासाठी वाचायचीच नाही, फक्त चाकाचा फरक सिमला पाठवत राहायचा. चाक थांबून ३०० मिलिसेकंद झाले की ताबा परत सिमचा, पण तो देताना सिमची आत्ताची किंमत हीच नवी सुरुवात धरायची, मागचा हिशोब चुकता करायला जायचं नाही. मोटर चालू आहे तेव्हा ताबा सिमचा, तेव्हा सेन्सरचं हलणं सिमला पाठवायचं नाही, ते फक्त वेग बरोबर आहे का बघायला.

आणि तिसरी अवस्था म्हणजे मोटर फिरवायचा प्रयत्न करतेय पण चाक मागे पडलंय. पंधरा-वीस अंशांहून जास्त मागे पडलं की समजायचं कुणीतरी धरलंय, ताबडतोब ड्रायव्हर सोडायचा. इथे पुढे काय करायचं हा तुमचा निर्णय आहे. मी त्याच क्षणी सिममधली ट्रिमची किंमत गोठवतो, हात निघेपर्यंत तीच पाठवत राहतो, म्हणजे रनअवेच्या सरावात चाक धरलं की शेपटी खरंच थांबते. काही विमानं, विशेषतः बाहेरून विकत घेतलेली बारकाईने बनवलेली, ट्रिमचा हिशोब स्वतःच ठेवतात आणि बाहेरून लिहिलेली किंमत झुगारतात, तिथे त्या त्या विमानाचे स्वतःचे व्हेरिएबल शोधावे लागतात.

अजून एक, सिममध्ये नवीन फ्लाइट लोड केली किंवा विमान बदललं की ट्रिमची किंमत एका झटक्यात कुठून कुठे जाते. तेव्हा चाक तिथपर्यंत पोचायला म्हणून भरधाव फिरत बसेल. एका फ्रेममध्ये अर्ध्या युनिटहून मोठी उडी आली तर ते उड्डाण नसून लोडिंग आहे असं धरायचं आणि चाक न हलवता नुसती सुरुवात नवीन करायची. चाकाला पक्की जागा नाही हे आधीच मान्य केलेलं असल्यामुळे हे शक्य होतं.

वेग जुळवायला मी खऱ्या कॉकपिटचे व्हिडिओ वापरले आणि मला ती पद्धत सगळ्यात खात्रीची वाटते. असा व्हिडिओ शोधा ज्यात चाक आणि बाजूची सुई दोन्ही दिसतात, पाव वेगाने चालवा आणि सुई एक युनिट सरकेपर्यंत पांढरा पट्टा किती वेळा वर आला ते मोजा. एकदा प्रति युनिट फेरे कळले की त्याला ०.४, ०.२, ०.२७, ०.०९ ने गुणलं की चारही वेग मिळाले. तुमची मोटर सगळ्यात वरच्या वेगाला पोचत नसेल तर चारही वेग सारख्याच प्रमाणात कमी करा, फक्त वरचा कापू नका. कानाला वेग मोजता येत नाही पण दोन वेगांमधला फरक लगेच कळतो, आणि तो फरकच तर सगळी माहिती आहे.

स्प्रिंगवाल्या योकवर याचा फायदा अजून जास्त होतो. खऱ्या विमानात ट्रिम म्हणजे हातावरचा जोर काढून टाकणं, सेसनासारख्या छोट्या विमानात तर योक जिथे धरलंय तिथेच राहतं आणि जोर विरघळतो. घरच्या स्प्रिंगला हे येत नाही, तिचं मध्य जागचं हलत नाही, म्हणून आपण ट्रिम करत करत योक मध्यावर आणून सोडतो. हाताला चुकीची गोष्ट शिकवली जाते. चाक फिरायला लागल्यावर निदान दुसरं एक इंद्रिय बरोबर शिकतं, फ्लॅप टाकले, एवढा वेळ स्विच दाबला, एवढा खडखडाट झाला, आता सोडायचं. काही दिवसांनी हात योकवरच्या जोरापेक्षा त्या आवाजावर जास्त विश्वास ठेवायला लागतो, आणि अप्रोच स्थिर व्हायला लागतात. हे मी स्वतःवर बघितलंय.

सुरक्षेचं थोडं कडक सांगतो. उघडलेलं हँडल आणि चालू मोटर हे दोन्ही एका वेळी नकोच, खऱ्या विमानातही उघड्या हँडलने गुडघा फोडून घेता येतो. हँडलखाली छोटा मायक्रोस्विच किंवा हॉल सेन्सर लावा, हँडल उघडलं की मोटर मोकळी. पीसीकडून अर्धा सेकंद काही निरोप आला नाही तर बोर्डाने स्वतःहून ड्रायव्हर बंद करायचा, सिम अडकलं म्हणून चाक फिरत राहता कामा नये. मोटरच्या तारेत फ्यूज. आणि क्वाड्रंटवरचे स्टॅब ट्रिम कटआउटचे दोन स्विच नुसते सिमला सांगायला वापरू नका, त्यांच्या दुसऱ्या पोलमधून मोटरची वीज जाऊ द्या. दोन पोलचा स्विच घेतला की एक पोल सिमसाठी आणि दुसरा प्रत्यक्ष तार तोडण्यासाठी. कोडमध्ये काहीही बिघाड असो, स्विच टाकला की मोटर थांबणारच, आणि हे खऱ्या विमानातल्या त्या स्विचच्या कामाशीही जुळतं. घरात लहान मुलं असतील तर याला पर्याय नाही.

एअरबसवाल्यांसाठी, ए३२० चं चाक करायचं असेल तर बराचसा हिशोब बदलतो. तिथे उड्डाणात ट्रिम विमान स्वतः करतं, चाक सावकाश फिरतं, आणि उतरल्यावर ते आपोआप टेकऑफच्या बाजूला परत येतं. शिवाय तिथे चाकावरच आकडे आणि ग्रीन बँड (टेकऑफच्या ट्रिमचा हिरवा पट्टा) असल्यामुळे पक्की जागा लागतेच, म्हणजे मी वर जे जे टाळा म्हटलं, होमिंग, मर्यादा, जागा लक्षात ठेवणं, ते सगळं करावं लागतं. फेरे कमी, वेग कमी, त्यामुळे स्टेपर आणि शांत ड्रायव्हर ही जोडी तिथे बसते, पण सेन्सर तरीही चाकाच्या शाफ्टवरच, कारण पायलट ते चाक हाताने फिरवू शकतो आणि इंजिन सुरू झाल्यावर टेकऑफचं ट्रिम तो हातानेच लावतो. सेसना १७२ मध्ये तर सहसा ऑटोपायलट असेल तरच मोटर, नाहीतर चाक फक्त हाताचं, तिथे मोटर न लावता चांगलं बेअरिंग, थोडं घर्षण आणि हाच एएस५६०० लावा, काम फत्ते.

क्वाड्रंटची पेटी अजून बंद केली नसेल तर एक करा, मोटर आज घ्यायची नसली तरी शाफ्ट अखंड टाका, त्यावर ६० दातांची पुली आत्ताच बसवून ठेवा आणि टोकाला चुंबकाची जागा सोडा. पुली नंतर बसवायची म्हणजे दोन्ही चाकं, बेअरिंग आणि अर्ध्या वेळा थ्रॉटलचे लिव्हरसुद्धा बाहेर काढावे लागतात, आणि बहुतेकांची मोटर तिथेच अडते.